दोघेही गुन्ह्यात, की एक वर्दीत? खानदेशातली डार्क गे प्रेमकादंबरी लिहायला घेण्याआधी

खानदेशात दोन तरुण एका खोलीत राहिले, एका मोटारसायकलवर फिरले, मे महिन्यात गच्चीवर शेजारी शेजारी गाद्या टाकून झोपले, तरी कुणी वळून पाहत नाही. 'रूम पार्टनर आहे' एवढं उत्तर पुरतं. तोच पोरगा तिशी उलटून बिनलग्नाचा राहिला की मात्र मामा, मावशी, गल्लीतले आप्पा-नाना स्थळं घेऊन दारात उभे राहतात. इथे प्रेम उघड्यावर लपतं. लपत नाही तो गुन्हा, कारण अनोळखी गाडी गावात दोनदा दिसली की तिसऱ्या वेळी पारावर तिचा विषय निघतो.

कायदा हातात घेण्याभोवती फिरणारी दोन पुरुषांची प्रेमकथा या मातीत लिहायची, तर बांधणी निवडताना पहिला प्रश्न हाच: गुपित जगापासून ठेवायचं की एकमेकांपासून? जगापासून ठेवायचं असेल तर दोघेही गुन्ह्यात सामील असतात, ही पहिली बांधणी. एकमेकांपासून ठेवायचं असेल तर एक बदला घेत फिरतो आणि दुसरा कायद्याच्या बाजूला बसलेला असतो, ही दुसरी. फौजदार, वकील किंवा सरकारी दवाखान्यातला डॉक्टर. तिसरीही एक बांधणी लोक निवडतात, दुसऱ्याला शेवटपर्यंत काहीच माहीत नसण्याची. ती आठ-दहा हजार शब्दांच्या कथेत चालते. कादंबरीत नको, कारण या प्रकाराचा सगळा जीव दोघांनी जाणूनबुजून केलेल्या निवडीत असतो.

दोन्ही बांधण्यांतला फरक एकाच प्रसंगात पाहा. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात घड कापताना चीक उडतो. ओला असताना तो पाण्यासारखा दिसतो, वाळला की तपकिरी-काळा डाग पडतो आणि साबणाने जात नाही. नायक केळीच्या बागेत गुन्हा करून रात्री खोलीवर येतो, 'धुळ्याला होतो' म्हणतो, आणि त्याच्या बाहीवर चिकाचा ताजा डाग आहे. धुळ्याच्या बाजारपेठेत केळीचा चीक कुठून येणार?

दुसरा फौजदार असेल, तर त्याला एका नजरेत कळतं आणि तो विचारतो, "जेवलास का?" पुढची चाळीस पानं त्या न विचारलेल्या प्रश्नावर चालतात. दुसरा साथीदार असेल, तर हे दृश्य असं लिहून उपयोग नाही, कारण त्याला सगळं आधीच ठाऊक आहे. तिथे दुसऱ्या सकाळी तोच डागाचा शर्ट स्वतःच्या अंगात घालून तो केळीच्या गाडीवर माल भरायला जातो. आता तो डाग चार हमालांनी रोजच्या कामातला म्हणून पाहिलेला असतो. प्रेमाचा एकही शब्द न बोलता कबुली होते, आणि गुन्हा दोघांचा होतो. पहिल्या बांधणीची ताकद अशा कृतींत आहे, दुसरीची ताकद गप्प बसण्यात.

कायद्याचा भाग मात्र नीट बसवलाच पाहिजे. मराठीत लिहिलेल्या रहस्यकथांचा वाचक या बाबतीत सैल नाही. कथानक १ जुलै २०२४ नंतरचं असेल तर खुनाचं कलम भारतीय न्याय संहितेचं १०३. त्याआधीचं असेल तर ३०२. कथा ६ सप्टेंबर २०१८ च्या आधी घडत असेल, तर कलम ३७७ मुळे दोघांचं शरीरानं जवळ येणंही गुन्हाच होतं. म्हणजे ब्लॅकमेल करणाऱ्याच्या हातात दोन फास येतात, खुनाचा आणि नात्याचा. नंतरच्या काळात नात्याचा फास गळतो आणि त्याबाबत उरते ती फक्त समाजाची भीती. काळ आधी ठरवा, मग पहिलं प्रकरण लिहा.

आता खरी गंमत. गुन्हेगाराला आसरा देण्याच्या कलमातून, नव्या संहितेत २४९, जोडीदार नवरा-बायको असतील तर सूट आहे. पुरावा कायद्यात, म्हणजे नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १२८ व्या कलमात, नवरा-बायकोतल्या बोलण्यालाही संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळे आपल्या दोन नायकांना यातलं काहीही मिळत नाही. दहा वर्षांचा संसार असला तरी कोर्टात ते एकमेकांविरुद्ध साधे साक्षीदार. या एका वस्तुस्थितीवर अख्खी कादंबरी उभी राहते, आणि ती कुठल्याही भाषणाशिवाय अन्याय दाखवते.

पहिल्या बांधणीत हे टोक 'माफीचा साक्षीदार' या रूपाने येतं. दोघे वेगवेगळ्या कोठडीत आहेत, आणि एकाला सांगितलं जातं की तू बोल, तू सुटशील. दुसऱ्या बांधणीत ते प्रियकराच्या व्यवसायावर अवलंबून आहे. पोलिसाजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही, मग ती ठाण्यात दिलेली असो वा गच्चीवरच्या गादीवर. म्हणून फौजदार प्रियकर निवडलात, तर नायक त्याच्याजवळ मन मोकळं करू शकतो, आणि तेच मोकळं मन फौजदाराला आतून खातं, कारण त्या क्षणापासून पुरावा दडवला तर न्याय संहितेचं कलम २३८ त्याच्यावर येतं. वकील निवडलात तर अशील म्हणून सांगितलेलं गुप्त राहतं, प्रियकर म्हणून सांगितलेलं नाही. वकीलपत्रावर सही कधी झाली याला महत्त्व येतं. डॉक्टरला असं कुठलंच कवच नाही. पहिल्यांदा लिहिणाऱ्याने फौजदारच घ्यावा. त्याच्या दिवसाला आपोआप कणा मिळतो: ठाण्याची डायरी, एलसीबीवाल्यांची (स्थानिक गुन्हे शाखेची) ये-जा, बंदोबस्त, बदलीची टांगती तलवार.

भाषेची एक अडचण दोन्हीकडे आहे, पण पहिल्या बांधणीत ती जीवघेणी ठरते. स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत 'मी गेलो' आणि 'मी गेले' यावरून निवेदक कळतो. इथे दोघेही 'गेलो'. तृतीय पुरुषात तर 'त्याने त्याचा हात धरला आणि तो रडला' हे वाक्य लिहून पाहा. कोण रडलं ते लेखकालाही सांगता येणार नाही. दुसऱ्या बांधणीत 'फौजदार' हा शब्द हाताशी असतो. पहिल्या बांधणीत दोघांच्या बोली वेगळ्या करा. एक अमळनेरकडचा अहिराणी बोलणारा, दुसरा यावलकडचा लेवा बोलीतला, किंवा पुण्यात शिकून प्रमाण मराठी बोलणारा. अहिराणी संवादातच ठेवा, निवेदनात नको. "कथा जाई ऱ्हायना?" (कुठे चाललास?) किंवा "माले ठाऊक शे" एवढं कुठल्याही मराठी वाचकाला संदर्भाने कळतं. सलग दहा ओळी अहिराणी आली की विदर्भ-कोकणातला वाचक पान उलटतो.

हाक मारण्यावर जितकं लक्ष द्याल तितकं थोडं. खानदेशात प्रत्येक पुरुष 'भाऊ' असतो. पहिल्या बांधणीत दोघे चारचौघांत एकमेकांना 'भाऊ' म्हणतात आणि ते त्यांचं सगळ्यात सोपं सोंग असतं. दुसऱ्यात ठाण्यात 'साहेब', खोलीत 'तू'. पहिल्यांदा 'तू' येतो ते पान आणि भांडणात पुन्हा 'साहेब' येतो ते पान, ही दोन पानं नीट उतरली तर शृंगाराची तीन प्रकरणं कमी लिहिली तरी चालतात.

मारला जाणारा माणूस कोण, इथे बहुतेक हस्तलिखितं घसरतात. गिरणेतली वाळू उपसणारा, बेकायदा सावकारी करणारा, शेतकऱ्याचा माल उधारीवर उचलून पसार होणारा व्यापारी, असे लोक वाचकाला ओळखीचे आहेत. पण तो नुसता राक्षस असला की नायकांची नैतिक अडचणच संपते. त्याच्या घरात एक माणूस असा ठेवा, ज्याचं त्याच्यावाचून खरंच अडतं. पहिल्या बांधणीत खून वाढवत नेण्याचा मोह होतो; तिसऱ्या खुनाला वाचक कोरडा पडतो. दोन पुरेत. तिसरा माणूस चुकीचा निघावा, किंवा दोघांपैकी एकाने ऐन वेळी हात मागे घ्यावा. सत्तर हजार शब्दांच्या कादंबरीत पहिल्या बांधणीचा पहिला गुन्हा पंधरा ते अठरा हजार शब्दांच्या आत हवा. दुसरीत फौजदाराला खात्री पटण्याची जागा तीस-पस्तीस हजारांच्या आसपास येते. त्याआधी पटली तर मध्य ओस पडतो, फार उशिरा पटली तर फौजदार मठ्ठ दिसतो.

दोन गोष्टी दोन्ही बांधण्यांत वर्ज्य. समलिंगी असणं हे गुन्ह्याचं कारण म्हणून कधीही येऊ देऊ नका. रागाचं कारण वाळूच्या डंपरखाली गेलेला भाऊ असू शकतो, आवड नव्हे. आणि बाहेर कितीही हिंसा असली तरी दोघांमधला स्पर्श संमतीचाच असावा. तिथे अंधार हवाच असेल, तर पुस्तकाच्या सुरुवातीला तशी स्पष्ट सूचना द्या.

घर दोन्हीकडे लागतंच, आणि त्यासाठी श्रावणात घरोघरी बसवल्या जाणाऱ्या कानबाई देवीच्या उत्सवासारखा प्रसंग नाही. सुरतेहून, पुण्याहून सगळे भाऊबंद गावी येतात आणि बहुतेक घरांत रोटांचा प्रसाद फक्त भाऊबंदांतच खाल्ला जातो. ज्याने या घरासाठी हात रक्ताने माखले, तो 'मित्र' त्या दिवशी ओट्यावर बसतो. पहिल्या बांधणीत आई आतून एक तुकडा पदराआड घेऊन येते, आणि तिला किती माहीत आहे हे शेवटपर्यंत सांगायचं नाही. दुसरीत फौजदार बंदोबस्ताचं निमित्त करून दारापर्यंत येतो, आत बोलावलं तरी येत नाही.

संवादावर हुकमत असेल, कानात दोन बोली असतील, तर पहिली बांधणी घ्या. शांतता लिहिता येत असेल आणि न्यायालयाचे निकाल, पंचनामे चिकाटीने वाचायची तयारी असेल, तर दुसरी. नव्याने लिहिणाऱ्यासाठी आमचा कल दुसरीकडे आहे, कारण तिथे बरोबर-चूक हा प्रश्न लेखकाला स्वतः विचारावा लागत नाही. तो रोज रात्री टोपी काढून खुंटीला लावतो आणि शेजारी येऊन झोपतो.

तरीही नक्की ठरत नसेल, तर चिकाच्या डागाचा प्रसंग दीड-दीड हजार शब्दांत दोन्ही प्रकारे लिहा. ज्यात शर्टाचं पुढे काय झालं हे तुम्हाला लिहिता लिहिता आपोआप कळत गेलं, ती बांधणी घ्या.