८×४२ची दुर्बीण: नऊ महिने वानरांच्या मागे

नोव्हेंबरात साडेसहा हजारांना घेतली. ८ म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मेळघाटात वानरांच्या एका टोळीमागे फिरायचं होतं. दुकानदार १०×५०चा आग्रह धरत होता, "मोठं दिसते ना भाऊ!" ऐकलं नाही ते बरं झालं. वानर दहापट मोठं दिसतं तशी हाताची थरथरही दहापट दिसते, आणि वजन मानेवर येतं ते वेगळंच.

काम असं: दर दहा मिनिटांनी कोण खातंय, कोण नुसतं बसलंय, कोण कुणाचे केस निवडतंय ते वहीत लिहायचं. टोळी झोपेच्या झाडावरून हलायच्या आत, झुंजुमुंजू असतानाच पोचावं लागतं. तेव्हा ४२ मिलिमीटरची भिंगं कामाला येतात. मित्राच्या खिशातल्या ८×२५मधून त्या वेळी नुसत्या सावल्या दिसायच्या. सागाची पानं झडल्यावर तर मजाच. मोहाची फुलं खाणाऱ्या एका मादीच्या कानाची चीर एवढी साफ दिसली की वहीत तिचं नावच 'फाटकी' पडलं. सोबतचा वाटाड्या मात्र रोज विचारायचा, "वांदरं काय पाहून राहिला? वाघ पाय ना!"

पट्टा एकदम भिकार. आठवड्यात मान सोलून निघाली. शेवटी आईनं जुन्या लुगड्याची घडी त्यावर शिवून दिली.

खरी परीक्षा जूनमध्ये झाली. कॉलेजच्या सहलीत तमिळनाडूतल्या वालपराईला गेलो, अन्नामलाईच्या सदाहरित जंगलात, सिंहपुच्छ माकडं पाहायला. आमच्याकडे वानरं जमिनीवरही उतरतात. ही माकडं बहुतेक वेळ शेंड्यातच. काळं अंग, तोंडाभोवती करडी आयाळ, आणि वर गच्च पानं, धुकं, पाऊस. खाली जळवा. उजेड कमी असूनही चित्र ठीक यायचं. पण तिसऱ्या दिवशी उजव्या नळीत आतून वाफ धरली. खोक्यावर 'पाण्यापासून सुरक्षित' छापलंय. शिंतोडे सोसणं वेगळं आणि आत वाफ धरू नये म्हणून नायट्रोजन भरून सीलबंद असणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. कंपनीला फोन केला तर म्हणे कुरिअरचा खर्च तुमचा, आणि ओल वॉरंटीत बसत नाही.

कोरड्या जंगलासाठी बेधडक घ्या. पावसाच्या जंगलात जायचं असेल तर नायट्रोजन भरलेलीच बघा, पैसे जास्त गेले तरी.

माझी आता बाबांकडे आहे. डावा डोळा लावून धुऱ्यावरून सोयाबीनमधली वानरं मोजतात.