८२० रुपयांचं ‘फुल सिंथेटिक’ आणि मागच्या खोलीतला डबा

आधी आकडे, म्हणजे राग कशाचा ते कळेल. बाइकच्या सर्व्हिसिंगचं बिल १,७६० रुपये: ऑइल ८२०, फिल्टर १४०, इंजिन फ्लश २५०, मजुरी ५५०. मग ते निस्तरायला दुसऱ्या गॅरेजमध्ये क्लच प्लेटांचा सेट १,४८०, गास्केट ११०, परत ऑइल ५६०, परत फिल्टर १४०, मजुरी ७००. म्हणजे २,९९०. एकूण ४,७५० गेले. आणि ज्या ऑइलचे ८२० घेतले ते माझ्या गाडीत पडलंच नाही.

पडलं ते उरलेलं. हा धंदा अनेकांना माहीत असेल. स्कूटरला सातशे-आठशे मिली लागतं, बिल लिटरच्या डब्याचं होतं आणि उरलेलं मागे एका डब्यात जातं. त्यात कोणाचं १०डब्ल्यू-३०, कोणाच्या जुन्या बाइकचं २०डब्ल्यू-५०, कारवाल्याच्या डब्यातलं ५डब्ल्यू-३० (हे ऑइलच्या घट्टपणाचे ग्रेड) असं सगळं गोळा होतं. डबा भरला की तेच ‘फुल सिंथेटिक’, म्हणजे महागातलं ऑइल म्हणून माझ्यासारख्याला विकायचं.

सीलबंद डबा मला दाखवला होता, हे आधीच सांगतो. “साहेब, तुमचाच ग्रेड, बघून घ्या.” मी बघितला. १०डब्ल्यू-३०, जासो एमए२ (बाइकच्या ऑइलचा शिक्का), एमआरपी, तारीख, सगळं वाचलं. मग तो डबा घेऊन पोरगा आत गेला आणि बाहेर आला तो मापटं घेऊन. डबा नाही, मापटं! त्या मापट्यात ऑइलचे दोन रंग दिसत होते, कडेला लालसर आणि मधे सोनेरी. मी विचारलंसुद्धा, “हे असं का दिसतंय?” तर म्हणे, “सिंथेटिक असंच असतं, साहेब.” ते वाक्य अजून डोक्यात जातं. नवीन डब्यातलं ऑइल दोन रंगांचं कसं असेल? पण तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, इकडे ओतून झालं, नट बसला. ‘लक्ष ठेवायला हवं होतं’ म्हणणाऱ्यांना एकच विचारतो: पैसे देऊन काम सांगितल्यावर गिऱ्हाइकाने प्रत्येक थेंबावर पहारा करायचा का?

गावात फिरताना काही कळलं नाही. कळलं ते साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात. मागे बायको, सोबत बॅग. रेस वाढतेय, इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची उचलत नाही. मागून ट्रक हॉर्न देतोय. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलो तरी तेच. कडेला घेतली तेव्हा करपल्यासारखा वास येत होता.

साताऱ्यातल्या मेकॅनिकने ऑइल काढलं, बोटांवर चोळलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “यात कारचं ऑइल घातलंय का?” बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. कारला ती फायद्याची, कारण तिचा क्लच कोरडा. आमच्या प्लेटा मात्र त्यावर घसरतात आणि घसरून जळतात. माझ्या प्लेटा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. जासो एमए आणि एमए२ हे शिक्के ऑइलने क्लच घसरू नये म्हणूनच असतात. गिअर नसलेल्या स्कूटरला जासोचंच एमबी चालतं, कारण तिचाही क्लच कोरडा. तेच एमबी बाइकमध्ये घालू नका.

पहिल्या गॅरेजवाल्याकडे परत गेलो तर वर तोंड करून म्हणतो, “दोन ऑइल मिसळली तर काय होतं? सगळं ऑइलच की!” चीड येते ती यातल्या अर्ध्या खरेपणाची. वाटेत ऑइल कमी पडलं आणि त्याच प्रकारचं पण वेगळ्या ग्रेडचं बाइकचं ऑइल वर घातलं, तर इंजिन लगेच बसत नाही. घट्टपणा दोन्हींच्या मधे कुठेतरी येतो, घरी पोचून बदलायचं. पण ती अडचणीतली सोय झाली. इथे ८२० रुपये मोजून घेतले होते. कारचं ऑइल तर त्या ‘चालतं’मध्ये बसतच नाही.

मग तक्रार. चौकीत साहेब हसले. “अहो, ऑइलची कसली तक्रार? गाडी चालतेय ना?” लेखी अर्ज दिला तर पोच द्यायला तयार नाहीत. “हे ग्राहकवाल्यांकडे न्या.” फोनवरच्या ग्राहक हेल्पलाइनने तक्रारीचा नंबर दिला, नंतर मेसेज आला की व्यापाऱ्याने आरोप नाकारले, तक्रार बंद. म्हणजे चोराला विचारलं, तो नाही म्हणाला, झालं! वजनमापंवाल्यांचं उत्तर: डबा सीलबंद होता ना, मग आमचा विषय नाही. पुढे कळलं की ग्राहक आयोगाने नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा ठरवला, तर त्याची फीसुद्धा आधी तक्रारदारानेच भरायची. आणि नमुना आणू कुठून? तो साताऱ्यात काळ्या तेलाच्या पिंपात गेला. ८२० रुपयांच्या ऑइलसाठी फसलेल्यानेच प्रयोगशाळेचे पैसे भरायचे, रजा काढायच्या, पुरावा जपायचा. गॅरेजवाल्याने काय करायचं? नाही म्हणायचं.

डबा डोळ्यांसमोर फोडायला लावा, झाकणाखालचं सील बघा आणि ओतायचं ते डब्यातूनच. मापटं दिसलं की थांबवा. शिल्लक राहिलेलं घरी न्या, ते तुमचं आहे. रिकामा डबाही सोडू नका. न्यायचा नसेल तर भोक पाडून टाका, कारण चांगल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यात काय भरलं जातं ते वेगळं सांगायला नको. बिलावर नुसतं ‘ऑइल’ नको, ग्रेड आणि जासोचा प्रकार लिहून घ्या. माझ्या बिलावर ‘ऑइल ८२०’ एवढंच आहे, आणि त्यावरच सगळे हात झटकतात. संशय आला तर काढलेलं ऑइल स्वच्छ बाटलीत भरून तारीख टाका, दुसऱ्या मेकॅनिककडून दोन ओळी लिहून घ्या.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला अर्जाची फी नाही, म्हणून अर्ज करतोय. वकील नाही, मीच लिहितोय. जळलेल्या प्लेटा पिशवीत बांधून ठेवल्या आहेत. त्याच गॅरेजचं बिल अजून कोणाकडे असेल आणि त्यावरही नुसतं ‘ऑइल’ लिहिलेलं असेल, तर ते फाडू नका, मला कळवा.