टिसो पीआरएक्स ऑटोमॅटिक: दिवाळी ते गणपती

दिवाळीत घेतलं, आता गणपती आले. मधल्या काळात दुसरं घड्याळ फारसं हातावर चढलंच नाही. मॉडेल निळ्या तबकडीचं, 40 मिमी, पॉवरमॅटिक 80 मशीनचं, म्हणजे हाताच्या हालचालीने चावी भरून घेणारं आणि काढून ठेवल्यावर 80 तास चालणारं.

आधी मशीनबद्दल, कारण पैसे वसूल झाले ते तिथेच. शुक्रवारी रात्री आठला काढून ठेवायचं, शनिवार-रविवार हात मोकळा, सोमवारी ऑफिसला निघताना उचललं की चालूच. 80 तासांच्या हिशेबाने ते मंगळवारी पहाटे चारपर्यंत तग धरतं. हे मशीन ज्यावरून बेतलंय त्या ईटीए कंपनीच्या 2824 मशीनची चावी 38 तासांच्या आसपास उतरते. इथे मुख्य स्प्रिंग लांब केली आणि बॅलन्सचे (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचे) ठोके तासाला 28,800 वरून 21,600 वर आणले. त्यामुळे सेकंदकाटा सेकंदाला आठऐवजी सहा पावलं टाकतो. डोळ्यांजवळ धरलं तर कळतं, एरवी नाही.

बॅलन्सला झुलवणारी बारीक हेअरस्प्रिंग निवाक्रॉनची, म्हणजे टायटॅनियमच्या मिश्रधातूची. तो टिसोच्या मालक स्वॉच ग्रुपने ओदमार पिगे या महागड्या घड्याळांच्या कंपनीच्या साथीने तयार केला. (ज्यांच्या रॉयल ओक या घड्याळाशी तुलना करून लोक पीआरएक्सला चिडवतात, तेच हे!) चुंबकाला ती फारशी दाद देत नाही. माझ्या बॅगेला आणि फोनच्या कव्हरला चुंबकाची बटणं आहेत, तरी घड्याळ दिवसाला चार-पाच सेकंद पुढे, एवढंच.

जाहिरातीत 1853 चा वारसा असतो. टिसो बापलेकांनी स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावात कंपनी काढली हे खरंच. पण आपल्या हातात येतं ते पुढच्या पडझडीतून वाचलेलं घड्याळ आहे. 1930 पासून टिसो आणि ओमेगा एका छत्राखाली होते. सत्तरच्या दशकात क्वार्ट्झने, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळांनी, स्विस धंद्याचं कंबरडं मोडलं आणि 1983 मध्ये तो समूह दुसऱ्या मोठ्या समूहात विलीन झाला. आजचा स्वॉच ग्रुप तोच. मूळ पीआरएक्स 1978 चं, आणि तेही क्वार्ट्झच! 2021 मध्ये ते परत आलं. आज पॉवरमॅटिक 80 चं हेच मूळ मशीन याच ग्रुपच्या मिडो, सर्टिना, हॅमिल्टनमध्येही बसतं, म्हणून या भावात मिळतं. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

पट्टा केसमधूनच, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचातूनच निघतो. पावसाळ्यासाठी रबरी पट्टा बघायला गेलो, तर दुकानदाराने घड्याळ उलटं केलं, टोकाची अरुंद खाच पाहिली आणि म्हणाला, "साहेब, याला आपला साधा पट्टा नाही बसायचा." तेव्हा याच मॉडेलसाठी बनवलेलाच पट्टा शोधावा लागतो. पाण्याची काळजी नाही, नावातला एक्स म्हणजे रोमन दहा, 10 बार पाण्याचा दाब.

मनगट बारीक असेल तर 35 मिमी आधी घालून बघा; पट्ट्याच्या पहिल्या कडीमुळे 40 मिमीचं आकड्यापेक्षा मोठं दिसतं. आणि चावी-ठोक्यांचं कौतुक नसेल, तर क्वार्ट्झ पीआरएक्स घ्या. तेच रूप, जाडी कमी, किंमतही कमी.