किंदियोचं कॉफी पार्क: आधी मळा, मग पाळणे

कोलंबियातल्या किंदियो प्रांतात मॉन्तेनेग्रो गावाजवळ 'पार्के देल काफे' आहे. तिथला दिवस हमखास फसतो तो एकाच कारणाने: आत पाऊल टाकलं की लोक थेट रोलर कोस्टरच्या रांगेत जाऊन उभे राहतात. दुपार होते, आभाळ भरून येतं, आणि कॉफीची पायवाट चालायची राहून जाते. खरं तर या पार्कचा जीव त्या पायवाटेतच आहे. हे पार्क 1995 मध्ये सुरू झालं. त्यामागे 1927 पासून काम करणारा कोलंबियाचा कॉफी उत्पादकांचा महासंघ आहे. शेतकऱ्यांच्या संघटनेने उभं केलेलं असल्यामुळे कॉफीचा भाग इथे नावापुरता नाही, जाणत्यांनी मांडलेला आहे.

मांडणी आधी समजून घ्या, म्हणजे पायपीट वाचते. प्रवेशद्वार, टेहळणीचा मनोरा आणि कॉफी संग्रहालय वरच्या अंगाला. मोठे पाळणे आणि खेळ खालच्या खोऱ्यात. मधल्या उतारावर कॉफीची झाडं आणि गुआदुआ बांबूचं बन. म्हणून सकाळी दार उघडल्याबरोबर आत जा, संग्रहालयाला पाऊण तास द्या, मग पायवाटेने उतरा. परत वर येताना केबल कार घ्या. उलट केलंत तर उन्हात चढण लागते आणि मुलं अर्ध्यातच कंटाळतात. वाट ओली असली की पाय घसरतो, त्यामुळे चांगल्या पकडीचे बूट हवेतच, चपला नकोत.

पायवाटेवर झाडं नुसती बघत पुढे जाऊ नका, थांबून ओळखायला शिका. तिपिका जातीचं झाड उंच आणि मोकळं वाढतं, त्याची कोवळी पालवी तांब्याच्या रंगाची. कातुर्रा बुटकी, पेरं जवळजवळ, पालवी हिरवी. या बुटकेपणामुळेच कातुर्रा दाट लावता येते आणि तोडणीही सोपी पडते. पण तिला तांबेरा, हा पानांवरचा बुरशीचा रोग, लवकर लागतो. स्थानिक लोक त्याला 'रोया' म्हणतात. कोलंबियात तो 1983 मध्ये आला. पान उलटं करून बघा: खालच्या बाजूला नारिंगी भुकटी दिसली तर तोच. आज तिथल्या मळ्यांत 'कास्तिल्यो' हे नाव सारखं कानावर येतं, ती तांबेऱ्याला तोंड देणारी जात 2005 मध्ये शेतकऱ्यांना मिळाली.

आता फळाकडे या. देठाच्या उलट टोकाला फळाची बारीक नाभी असते. तिथे टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं तर आत 'ब्रोका' आहे, जेमतेम दीड मिलिमीटरचा काळा भुंगा. मादी तिथूनच शिरते, बियांत अंडी घालते आणि अळ्या बी आतून पोखरतात. फळ बाहेरून ठणठणीत दिसतं. झाडावर किंवा जमिनीवर उरलेली पिकलेली फळं म्हणजे या किडीचं पाळणाघर, म्हणून चांगला शेतकरी तोडणी झाल्यावरही मळ्यात पुन्हा फिरून एकेक फळ वेचतो. खालच्या भागातल्या एका रोलर कोस्टरचं नाव 'ब्रोका' आहे. हे भोक आधी पाहिलेल्या मुलाला ते नाव कायमचं लक्षात राहतं.

लाल फळ दोन बोटांत दाबलं की दोन बिया सटकन बाहेर येतात, सपाट बाजू एकमेकींना टेकलेल्या, वर बुळबुळीत गराचा थर. पुढची सगळी मेहनत या थराची. आधी साल काढतात, मग बिया साधारण 12 ते 18 तास आंबवतात, धुतात आणि ओलावा 10 ते 12 टक्क्यांवर येईपर्यंत वाळवतात. आंबवणं लांबलं तर कपात व्हिनेगरसारखा आंबटपणा उतरतो. वाळवण कच्चं राहिलं तर पोत्यात बुरशी धरते. 5 किलो फळांतून टरफलासह वाळलेली बी जेमतेम 1 किलो मिळते. हा हिशेब डोक्यात ठेवून संग्रहालय पाहिलंत तर तिथल्या यंत्रांचा अर्थ लागतो. माझ्या मते संग्रहालय आणि पायवाट मिळून मुलांसोबत दोन तास तरी हवेत.

महिन्यांचं गणित थोडं अडचणीचं आहे. किंदियोत मुख्य तोडणी सप्टेंबर ते डिसेंबर, आणि लहान हंगाम, 'मिताका', एप्रिल-मेच्या सुमारास. लाल फळांनी लगडलेली झाडं तेव्हाच दिसतात, पण पाऊसही नेमका त्याच महिन्यांत. विजा चमकू लागल्या की उंचावरचे खेळ थांबतात. म्हणून छत्रीपेक्षा रेनकोट आणि सुक्या कपड्यांचा एक जोड बरोबर ठेवा. 'रापिदोस' या पाण्याच्या खेळात तर कोरडं राहण्याची आशाच सोडा. डिसेंबर-जानेवारीच्या सुट्ट्या, ईस्टरचा आठवडा आणि सोमवार जोडून येणारे लांब वीकेंड टाळा, रांगांतच दिवस जातो. गर्दी कमी असते त्या काळात आठवड्यातले काही दिवस पार्क बंद असतं, तेव्हा तारखा आधी तपासा.

तिकीट घेताना घाई नको. पासचे प्रकार वेगवेगळे असतात, आणि त्यात किती खेळ धरले आहेत यावर किंमत बदलते. आपल्या पासमध्ये केबल कार आहे का, हे खिडकीवरच विचारा. मुलांची उंची घरीच मोजा, मोठ्या खेळांना उंचीची अट असते. 'शो देल काफे' या नृत्याच्या कार्यक्रमाची वेळ आत शिरतानाच टिपून घ्या आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा. तोडणी करणाऱ्या बायांना तिथे 'चापोलेरा' म्हणतात. त्यांचे घेरदार झगे आणि कमरेची टोपली कार्यक्रमात दिसते.

पार्कमध्ये उभारलेल्या जुन्या पद्धतीच्या गावात रंगीत सज्जे पाहून फोटो काढाल, पण भिंतींपाशीही थांबा. बांबूचा सांगाडा आणि त्यावर मातीचा गिलावा, या बांधणीला 'बाआरेके' म्हणतात. 25 जानेवारी 1999 च्या भूकंपात शेजारचं आर्मेनिया शहर कोसळलं. त्यानंतर सिमेंटचा गिलावा दिलेल्या बाआरेकेला देशाच्या भूकंपविषयक नियमावलीत जागा मिळाली. 2011 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या कॉफी प्रदेशात ही घरंही मोजली जातात.

पोहोचायला आर्मेनियाच्या बसस्थानकावरून थेट बस मिळते. राजधानी बोगोताहून रस्त्याने येणाऱ्यांना 2020 मध्ये खुल्या झालेल्या ला लिनिया बोगद्यामुळे घाटाचा त्रास कमी झाला आहे, तरी पूर्ण दिवस प्रवासाचाच धरा.

कॉफी पिताना एक सांभाळा. 'तिंतो' मागितलात तर साधी काळी कॉफी येते, आणि ती बऱ्याचदा हलक्या प्रतीच्या बियांची असते. मळ्यात पाहिलेल्या मेहनतीची चव हवी असेल तर गाळलेली, 'फिल्त्रादो', मागा. घरी न्यायला दळलेली घेऊ नका, अख्ख्या बिया घ्या आणि पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. एक लिटर पाण्याला 60 ग्रॅम हे प्रमाण धरून सुरुवात करा. पार्कच्या उंचीवर पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तिथे उकळतं पाणी थेट ओतलं तरी चालतं. समुद्रसपाटीजवळ मात्र अर्धा मिनिट थांबून ओता.