सबवूफरचा गेन: कानाने की मल्टीमीटरने?

ऐरोलीच्या मित्राला गाडीत नवीन अँप (सबवूफर म्हणजे बेसच्या स्पीकरला ताकद देणारा अॅम्प्लिफायर) बसवल्यापासून हाच प्रश्न पडलाय: अँपवरचा गेन, म्हणजे येणारा सिग्नल किती वाढवायचा ती कळ, कशाने लावायचा? खर्चाचं म्हणशील तर कान फुकट आणि साधा मल्टीमीटर काही शे रुपयांत येतो, त्यामुळे तो मुद्दाच नाही. मेहनत कानाने कमी, गाणं लावा, आवाज फाटेपर्यंत गेन वाढवा, मग थोडा मागे घ्या. पण बेसमधलं क्लिपिंग (कुवतीबाहेर गेल्याने आवाजाच्या लहरीची टोकं कापली जाणं) कानाला लवकर कळत नाही, त्यात घोडबंदर रोडचा गोंगाट, आणि कळेपर्यंत व्हॉइस कॉइल, म्हणजे स्पीकरमधली तारेची गुंडाळी, तापून जळायला लागलेली असते.

मल्टीमीटरने करायचं तर सबची वायर काढायची, बेस बूस्ट आणि ईक्यू (बेस-ट्रेबल कमीजास्त करायची सेटिंग) शून्यावर, स्टिरिओ साधारण पाऊण आवाजावर, ५० हर्ट्झचा टोन लावून अँपच्या आउटपुटला एसी व्होल्ट बघायचे. गेन वाढवत जो आकडा गाठायचा तो म्हणजे वॉट गुणिले ओहम, त्या गुणाकाराचं वर्गमूळ, ३०० वॉट ४ ओहमला ३४.६ व्होल्ट. वॉट आरएमएसचे (सतत चालणारी ताकद) धर, अँप आणि सबपैकी जे कमी ते, बॉक्सवरचं ते 'मॅक्स' विसर. फक्त स्टिरिओच क्लिप होत असेल तर मीटर गप्प बसतो, तिथे लहरीचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोपच लागतो.

छोटा सब, हळू ऐकणारा असशील तर कान चालेल. महागडा सब जोरात वाजवणार असशील तर मल्टीमीटरच घे.