ताडोबा, मोहर्ली गेट: वाघ दिसला नाही, तरी चार स्टार

मार्चमधली सकाळची जिप्सी सफारी. वाघ दिसला नाही म्हणून मागच्या सीटवरचे पाहुणे गाईडवर उगाच चिडले. वाघाचं काय बुकिंग असते का जी?

गाईड मात्र पक्का माणूस, जवळच्याच गावचा. तलावाजवळ त्यानं गाडी हळू करायला लावली, टोपी काढली अन् झाडाखालच्या तारूच्या ठाण्याकडे पाहून हात जोडले. तारू म्हणजे गोंडांचा देव. गावचा मुखिया होता, वाघाशी झुंजताना गेला, असं सांगतात. ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच. पूर्वी पौषात इथं जत्रा भरायची. राष्ट्रीय उद्यान 1955 चं. देव त्याच्या कितीतरी आधीचा. गाडीतून उतरू देत नाहीत ते बरंच, नाहीतर तिथंही नारळाच्या शेंड्या अन् प्लास्टिक साचलं असतं.

मोहाची फुलं रस्त्यावर पडलेली, वास थेट गाडीत.

एक स्टार ड्रायव्हरचा कापला. समोरच्या जिप्सीतून कोणी वाघ असल्याचा हात केला की गाडी दामटायचा, सगळी धूळ तोंडात. मंगळवारी पार्क बंद असते. तोंडाला बांधायला दुपट्टा न्या.