पाट की डायनिंग टेबल? बडोद्यातल्या मराठी घरापुरता विचार

गोत्री-वासणाकडे नवा फ्लॅट घेतला की मराठी घरात एक वाद हमखास होतो: जेवायला टेबल आणायचं की खालीच बसायचं? दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढलेल्यांना टेबल म्हणजे साहेबी थाट वाटतो. मुलासुनांना रोज मांडी घालून बसणं गैरसोयीचं वाटतं. आमच्याकडे दोन्ही झालं, आणि आता एक ठरलंय.

खाली बसण्याची सगळ्यात मोठी सोय म्हणजे तिथे माणसं मोजावी लागत नाहीत. सतरंजी थोडी सरकवली की दोघं आणखी बसतात. टेबलाला सहा खुर्च्या असल्या की सातवा आल्यावर घरातलं कुणीतरी ‘मी मागून बसतो’ म्हणतं आणि पाहुणा अवघडतो. जेवण उरकलं, पुसून घेतलं की खोली मोकळी. दोन खोल्यांच्या घरात ही फार मोठी गोष्ट आहे. टेबलावर मात्र दुपारपर्यंत लाइटबिल, औषधं, चार्जर सगळं येऊन बसतं.

राहिला प्रश्न आपलं आणि परकं याचा. माझ्या मते तो वाटतो तेवढा सरळ नाही. टेबलाबरोबर येणारा जेवायचा काटा तरी इंग्रजांचा कुठे होता? टॉमस कोरियट नावाच्या इंग्रज प्रवाशाने तो इटलीत पाहिला, 1611 मध्ये त्याबद्दल लिहिलं आणि घरी वापरायला लागला, तर त्याचेच मित्र त्याची थट्टा करायचे. हाच माणूस पुढे अलेप्पोहून अजमेरपर्यंत बहुतेक पायी आला आणि 1617 मध्ये आपल्या शेजारच्या सुरतेत वारला. जपानी माणसं तर तातामीवर, म्हणजे गवती चटईवर, बुटक्या मेजाभोवती जेवायची. 1955 मध्ये तिथे सरकारी गृहनिर्माण महामंडळ निघालं आणि त्याच्या नव्या वसाहतींत स्वयंपाकघरातच टेबलाची जागा आखून दिलेली होती. लोक खुर्चीवर आले, पण भाताची वाटी, काड्या, मिसोचं सूप तसंच राहिलं. त्यामुळे खुर्चीवर बसलं की मराठीपण गेलं, असं मला वाटत नाही.

माझा निर्णय झाला तो वाढण्यावरून. आमच्याकडे स्वयंपाक ही करते, वाढणं माझ्याकडे. डाव्या हातात वरणाचं गरम पातेलं, उजव्यात पळी, आणि प्रत्येक ताटापाशी कंबरेत वाकायचं. भाजी, मग कोशिंबीर, मग वरण, भातावर तूप. तोवर पहिल्याची पोळी संपलेली असते. पातेलं तिरपं झालं की वरण ताटात कमी आणि मांडीवर जास्त. सणाच्या पंगतीत हे आनंदाने करतो, चार माणसं हाताखाली असतात. रोज रात्री एकट्याने करताना मात्र पाठ भरून यायची, आणि सगळ्यात जास्त टोचायचं ते हे की मी बसेपर्यंत बाकीचे हात धुवायला उठलेले असायचे. माझ्या आईचं जेवण जन्मभर असंच सगळ्यांच्या मागून झालं.

टेबलावर पातेली मध्ये ठेवली की ज्याचं तो घेतो. तव्यावरचा फुलका थेट ताटात पडत नाही, डब्यात मऊ पडतो, हे खरं. गरम फुलक्याशिवाय ज्यांचं जेवण होत नाही त्यांनी हे लक्षात घ्यावं. पण आम्ही दोघं मुलांबरोबर जेवतो, आणि मला त्याचं मोल जास्त आहे.

बाकी साहेबी रीत आम्ही उचलली नाही. आधी सूप, मग मुख्य पदार्थ, मग गोड असं काही नाही. स्टीलचं ताट, मीठ-लिंबू-चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, आणि हातानेच जेवणं. सेव उसळीचा रस्सा पावाने टिपायचा असेल तर काटा काय कामाचा?

तुमच्या घरी सगळे आपापलं वाढून घेत असतील आणि गुडघे साथ देत असतील, तर खालीच बसा. जागाही वाचेल, पैसेही. पण रोज एकच माणूस वाढत असेल तर टेबल घ्या, शक्यतो उघडून मोठं होणारं, आणि ओट्याच्या इतकं जवळ ठेवा की वाढणाऱ्याला खुर्चीवरूनच पातेल्यापर्यंत हात पोचेल. सतरंजी माळ्यावर टाकू नका, गौरी-गणपतीला लागेलच.